पबमेडवर औषधाची माहिती सापडत नाही तेव्हा

दुपारी दीडच्या सुमारास वॉर्डातून फोन आला. मेडिसिनचे दुसऱ्या वर्षाचे रेसिडेंट बोलत होते.

"मॅडम, पेशंटची टीबीची औषधं चालू होती, मध्ये महिनाभर त्याने सोडली. परत सुरू केली आणि चौथ्या दिवशी प्लेटलेट १२ हजार. रिफॅम्पिसिनचा संशय आहे, पण पबमेडवर काहीच नाही. मोजके चार पेपर दिसताहेत."

"डॉक्टर, नेमकं काय टाइप केलंत?"

"रिफॅम्पिसिन इंड्यूस्ड थ्रॉम्बोसायटोपेनिया. अवतरणचिन्हांत टाकलं, म्हणजे नेमकं तेवढंच येईल."

घोळ तिथेच होता. (पबमेड म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदी शोधायची ऑनलाइन सूची, आणि थ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणजे प्लेटलेट घटणं.) रुग्णालयाच्या औषध माहिती केंद्रात मी अकरा वर्षं काम करते आणि असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी तक्रार असते "काहीच येत नाही", कधी "मॅडम, नऊ हजार आले, आता काय करू?" दोन्ही वेळा माणूस शब्द बदलून बदलून पुन्हा शोधत राहतो. आपण लिहिलेल्या शब्दांचं पबमेडने काय केलं, हे मात्र कुणी उघडून बघत नाही. म्हणून ही नोंद. खालचे शोधशब्द मी देवनागरीत लिहिले आहेत. पबमेडच्या चौकटीत ते अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

आधी तपशील उघडा

शोध चुकला असं वाटलं की नवीन शब्द टाकू नका. चौकटीखालच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' वर जा. तिथे खाली तुमच्या शोधांचा इतिहास दिसतो. प्रत्येक ओळीत 'डिटेल्स' खाली छोटा बाण असतो, तो दाबा. तुम्ही दोन शब्द लिहिलेले असतात आणि तिथे पाच-सहा ओळींचा मजकूर उघडतो. पबमेडने खरोखर शोधलं ते हे.

त्या डॉक्टरांना मी फोनवरच दोन गोष्टी करायला सांगितल्या. आधीच्या शोधाचा बाण उघडायचा, आणि मग अवतरणचिन्हं व 'इंड्यूस्ड' काढून तोच शोध पुन्हा द्यायचा. पहिल्या वेळी तपशिलात त्यांचेच तीन शब्द जसेच्या तसे होते. दुसऱ्या वेळी रिफॅम्पिसिनच्या शेजारी 'रिफॅम्पिन' आलं, मेश शीर्षक म्हणून, आणि थ्रॉम्बोसायटोपेनियाचंही मेश शीर्षक जोडलं गेलं. पलीकडून क्षणभर आवाज आला नाही, मग ते म्हणाले, "अरे, हे तर १९७० पासूनचे पेपर आहेत."

मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची विषयशीर्षकांची यादी. १९६० पासून ती चालत आली आहे आणि दरवर्षी सुधारली जाते. मेडलाइन या त्याच ग्रंथालयाच्या निवडक जर्नलांच्या सूचीतल्या लेखाला या यादीतली शीर्षकं लावतात. लेखकाने लेखात रिफॅम्पिसिन लिहिलेलं असो वा रिफॅम्पिन, शीर्षक एकच लागतं. तुम्ही साधे शब्द टाकलेत की पबमेड ते या यादीशी ताडून बघतं आणि जुळणारं शीर्षक स्वतःहून जोडतं. अवतरणचिन्हं घातली की ही जुळणी बंद पडते. मग तेच शब्द, त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून जिथे असतील तेवढेच लेख मिळतात. शब्दाची सगळी रूपं मिळावीत म्हणून त्याच्या शेवटी तारांकन (*) लावलं तरी जुळणी बंदच होते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. तारांकनाआधी किमान चार अक्षरं लागतात, तेही ध्यानात ठेवा.

'इंड्यूस्ड' का काढायला लावलं? पबमेड दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेला 'अँड' समजतं. त्यामुळे 'इंड्यूस्ड', 'रोल' असा प्रत्येक भरतीचा शब्द ही एक जादा अट होऊन बसतो. थिसिसचं शीर्षक जसंच्या तसं चौकटीत चिकटवलं की शून्य येतं ते यामुळे.

जुन्या औषधांची वेगळी अडचण

रिफॅम्पिसिनने प्लेटलेट उतरतात ही गोष्ट १९७० च्या दशकात खंडित मात्रेच्या उपचारांत पुढे आली: आठवड्यातून एक-दोनदा मोठी मात्रा, किंवा मध्ये खंड पडून पुन्हा सुरुवात. आपल्या पेशंटचं नेमकं हेच झालं होतं. म्हणजे आपल्याला हवं होतं ते वाङ्मय पन्नास वर्षं जुनं.

आणि जुन्या नोंदींना सारांश नसतो. १९७५ च्या आधीच्या बहुतेक नोंदींत फक्त लेखाचं शीर्षक आणि मेश शीर्षकं सापडतील. तुम्ही केवळ शीर्षक-सारांशात शोधणारा 'टीआयएबी' टॅग लावलात, तर जुन्या लेखाच्या शीर्षकात तो शब्द नसला की लेख गेला. 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' हा फिल्टर लावलात तर पूर्ण दशक गेलं. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, क्लोरोक्विन, डॅप्सोन अशा औषधांच्या दुष्परिणामांची पहिली उत्तम वर्णनं त्या काळातली आहेत. ती हातची घालवणं परवडत नाही.

त्यासाठी मेशच्या उपशीर्षकांची जोडी वापरा. दुष्परिणाम शोधताना मी नेहमी यापासूनच सुरुवात करते. मेश डेटाबेस उघडा, रिफॅम्पिन शोधा, त्याखाली 'अ‍ॅडव्हर्स इफेक्ट्स' वर खूण करा आणि सर्च बिल्डरमध्ये घाला. मग थ्रॉम्बोसायटोपेनिया शोधा, त्याखाली 'केमिकली इंड्यूस्ड' वर खूण करा आणि 'अँड' ने जोडा. औषधाच्या बाजूने दुष्परिणाम आणि आजाराच्या बाजूने रसायनामुळे झालेला, अशा दोन्ही कड्या लागल्या की भलतंसलतं फारसं येत नाही. नाहीतर रिफॅम्पिसिन आणि प्लेटलेट या दोन शब्दांवर शस्त्रक्रिया, एंडोकार्डायटिस, प्रयोगशाळेतले प्रयोग असं सगळं अंगावर येतं.

पण केवळ मेशवर विसंबू नका. पबमेडमधली प्रत्येक नोंद मेडलाइनमधली नसते. अनेक जर्नलं, त्यात भारतीय जर्नलंही आली, पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत साठ्याच्या वाटेने पबमेडमध्ये येतात आणि त्यांच्या लेखांना मेश शीर्षकं लागतच नाहीत. आपल्याकडच्या टीबीच्या पेशंटचे केस रिपोर्ट नेमके तिथे असतात. म्हणून दोन शोध करा, एक मेशचा आणि एक साध्या शब्दांचा, आणि इतिहासाच्या पानावर ते दोन्ही 'ऑर' ने जोडा. त्या दिवशी मेशच्या शोधातून मला जुनं वर्णन मिळालं, आणि उपचार मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेल्या पेशंटचे अलीकडचे रिपोर्ट साध्या शब्दांतून.

नाव हेच दुखणं

आपण भारतात जी नावं शिकतो ती बऱ्याचदा ब्रिटिश किंवा आंतरराष्ट्रीय असतात, आणि मेशचं शीर्षक अमेरिकन नावाने असतं. पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, पेथिडिन तिथे मेपेरिडिन, अ‍ॅड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन, लिग्नोकेन तिथे लिडोकेन. साध्या शोधात पबमेड हे सांभाळून घेतं. अवतरणचिन्हं, तारांकन किंवा टॅग लावलात की सांभाळत नाही. मग दोन्ही नावं तुम्हालाच 'ऑर' ने लिहावी लागतात. वर्णलेखनाचंही तसंच. ब्रिटिश पद्धतीच्या अ‍ॅनिमियात, इडिमात, इस्ट्रोजेनमध्ये एक जादा अक्षर असतं. सल्फासॅलाझिन एफने लिहितात आणि पीएचनेही.

अ‍ॅनाल्जिनचं उदाहरण तर मी नवीन इंटर्नना मुद्दाम करायला देते. या वेदनाशामकाचं आंतरराष्ट्रीय नाव मेटामिझोल, मेशमध्ये डायपायरोन. अमेरिकेतून ते १९७७ मध्ये बाहेर गेलं. भारतात २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली आणि २०१४ मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाली. जर्मनी, स्पेन, पोलंड, ब्राझीलमध्ये मात्र ते सर्रास वापरात आहे. त्यामुळे पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यावरचं बरंचसं काम या देशांतून आलं आहे आणि त्यातलं काही इंग्रजीत नाही. इथे 'इंग्लिश' हा भाषेचा फिल्टर लावला की चित्र अर्धवट होतं. मूळ लेख स्पॅनिश असला तरी पबमेडवर त्याचा इंग्रजी सारांश अनेकदा असतो, निदान तेवढा तरी वाचता येतो.

ब्रँडचं नाव तर टाकूच नका. एका फार्मसीच्या विद्यार्थिनीला क्रोसिनवर माहिती हवी होती. तिने तेच नाव टाकलं आणि मेंदू, नैराश्य, अँटिऑक्सिडंट यांवरचे भरपूर पेपर आले. ती गोंधळून माझ्याकडे आली, म्हणाली, "मॅडम, तापाच्या गोळीवर नैराश्याचं एवढं संशोधन?" क्रोसिन हे केशरातल्या रंगद्रव्याचं नाव आहे आणि तिच्यासमोर सगळे पेपर त्या केशराचे होते. शून्य आलं तर चूक निदान कळते. असं भलतंच काहीतरी भरभरून आलं तर ते खरं वाटण्याचा धोका जास्त. गोळीच्या पाकिटावरचा घटक वाचा, मिश्रण असेल तर प्रत्येक घटक वेगळा शोधा, आणि सोडियम, हायड्रोक्लोराइड असली क्षारांची शेपटी काढून टाका.

नवीन औषध असेल तर

नवीन औषधाला मेशमध्ये लगेच स्वतंत्र शीर्षक मिळत नाही. आधी त्याची पूरक नोंद होते. मेश डेटाबेसमध्ये ती दिसते, पण तिच्याखाली दुष्परिणामांसारखी उपशीर्षकं नसतात, त्यामुळे वरची जोडी तिथे चालत नाही. 'सब्स्टन्स नेम' चा टॅग, म्हणजे चौकोनी कंसातला 'एनएम', वापरा आणि सोबत साधे शब्द घ्या.

औषधाला नाव मिळण्याआधी त्याला सांकेतिक क्रमांक असतो आणि सुरुवातीच्या चाचण्या त्याच क्रमांकाने छापल्या जातात. बेडाक्विलिनचे सुरुवातीचे पेपर आर २०७९१० आणि टीएमसी २०७ या नावांनी आहेत, रेमडेसिविरचे जीएस-५७३४ या नावाने. औषधशास्त्राच्या सेमिनारला प्राण्यांमधल्या चाचण्या हव्या असतील तर हे क्रमांक लागतातच.

हजारो निकाल आले तर

रिफॅम्पिसिन अँड थ्रॉम्बोसायटोपेनिया ऑर प्लेटलेट असं कंसाविना लिहिलं, तर पबमेड ते डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी पहिले दोन जोडतं आणि मग जगातले प्लेटलेटवरचे सगळे लेख त्यात ओततं. 'ऑर' ने जोडलेल्या शब्दांना गोल कंस घाला, एवढंच. अँड, ऑर, नॉट मात्र कॅपिटल अक्षरांत लिहा.

'नॉट' जपून वापरा. प्राण्यांवरचं संशोधन नको म्हणून नॉट अ‍ॅनिमल्स लिहिलं की माणूस आणि प्राणी दोन्ही असलेले लेखही जातात. शिवाय मेशच्या झाडात माणूस हा प्राण्यांच्या फांदीवरच बसवलेला आहे, त्यामुळे फांदी तोडली की माणसांवरचे लेखही तिच्यासोबत जातात. 'ह्यूमन्स' चा फिल्टर त्याहून फसवा आहे. तो मेश शीर्षकावर चालतो, म्हणजे ज्या लेखांना मेश लागलेलंच नाही ते सगळे तो गुपचूप वगळतो. वर सांगितलेले भारतीय केस रिपोर्ट इथेही जातात.

हजारातून वाट काढायची माझी आवडती पद्धत वेगळी आहे. एक लेख असा शोधा की तो अगदी तुमच्या प्रश्नावर बोट ठेवतो. तो उघडा, खाली जाऊन त्याला लावलेली मेश शीर्षकं वाचा आणि तीच उचलून नवीन शोध बांधा. 'सिमिलर आर्टिकल्स' आणि 'साइटेड बाय' हेही बघा. एका चांगल्या लेखाचं बोट धरून दहा मिनिटांत जितकं मिळतं, तितकं नुसते शब्द बदलून तासाभरात मिळत नाही.

फिल्टर चिकटून राहतात

हे मी माझ्या चुकीतून शिकले. कामाचे पहिले काही महिने होते, दुसऱ्या एका रुग्णालयात. मनोविकार विभागातून लेखी प्रश्न आला होता: क्लोझापिन आणि हृदयाच्या स्नायूंचा दाह, नोंदी आहेत का? ग्रंथालयातल्या सामायिक संगणकावर मी शोधलं, दोन असंबद्ध लेख आले, आणि मी 'समर्पक नोंद आढळली नाही' असं लिहून सही केली. संध्याकाळी विभागातल्या वरिष्ठ मॅडमचा फोन आला. आवाज शांत होता. "अगं, या विषयावरचे पेपर मी स्वतः वाचले आहेत. तू परत एकदा बघशील का?"

परत गेले. डाव्या बाजूला 'एक वर्ष' आणि 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' या दोन्हींवर खूण होती. माझ्या आधी बसलेल्या कुणीतरी ती लावली होती. पबमेडमध्ये फिल्टर काढेपर्यंत पुढच्या प्रत्येक शोधाला लागू राहतात. निकालांच्या वर तशी सूचनाही असते, ती मी वाचली नव्हती. 'क्लिअर ऑल' दाबल्यावर पान भरलं. क्लोझापिनवरच्या पेशंटला ताप आणि छातीत धडधड असताना माझ्या त्या एका ओळीवर कुणी विसंबलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तेव्हापासून कोणताही शोध सुरू करण्याआधी मी डावी बाजू बघते, स्वतःच्या संगणकावरही.

दुर्मीळ दुष्परिणाम शोधताना चाचण्यांचा फिल्टर लावणंच मुळात चूक आहे. दहा हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट तीनशे जणांच्या चाचणीत दिसणार कशी? ती केस रिपोर्टमध्येच सापडते.

गुळवेलीसारख्या वनस्पती

कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी होता. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा म्हटला. त्यानंतर अनेकांनी मला हे मूळ पेपर शोधून मागितले.

इथे लेखकागणिक नाव बदलतं: गिलोय, गुडुची, अमृता, गुळवेल. म्हणून शास्त्रीय नाव टिनोस्पोरा घ्या आणि फक्त प्रजातीचं नाव घ्या, पुढचं कॉर्डिफोलिया सोडा. कारण वादाचा एक मुद्दाच हा आहे की लोकांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा. कॉर्डिफोलियाची अट घातलीत तर ती दुसरी बाजू तुमच्या यादीत येणारच नाही. बोलीतली नावं 'ऑर' ने जोडा. यकृताच्या इजेसाठी 'लिव्हर इंजरी' आणि 'हेपॅटायटिस' दोन्ही घ्या.

कधीकधी पबमेड हे ठिकाणच नसतं

मात्रा, मूत्रपिंडाच्या आजारातले बदल, सलाइनमध्ये मिसळायची पद्धत यांसाठी पबमेड चाळत बसू नका. औषधासोबतचं माहितीपत्रक, राष्ट्रीय औषधसूची, अमेरिकेतल्या माहितीपत्रकांसाठी डेलीमेड हे आधी बघा. अंगावर पाजणाऱ्या आईला औषध द्यायचं असेल तर लॅक्टमेड, यकृताच्या इजेसाठी लिव्हरटॉक्स. दोन्ही त्याच अमेरिकन ग्रंथालयाच्या बुकशेल्फवर फुकट आहेत आणि दोन्हींत खाली मूळ संदर्भ दिलेले असतात. चालू असलेल्या भारतीय चाचण्यांसाठी सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. चाचणीची तिथे नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे.

थिसिससाठी पद्धतशीर आढावा करायचा असेल आणि संस्थेकडे एम्बेस हा पबमेडसारखाच पण सशुल्क डेटाबेस असेल तर तो सोडू नका. औषधांसाठी त्याची शीर्षकं मेशपेक्षा बारकाईची आहेत आणि परिषदांमधले सारांशही त्यात मिळतात. तिथे नावं उलटी पडतात हे लक्षात ठेवा. शीर्षक पॅरासिटामॉलच असतं, अ‍ॅसिटामिनोफेन नाही.

पूर्ण लेख हवा म्हणून 'फ्री फुल टेक्स्ट' चा फिल्टर शोधतानाच लावू नका. आधी शोधा, निवडा, मग पूर्ण लेख मिळवा. पबमेड सेंट्रल बघा. सरकारी महाविद्यालयात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेत सुमारे १३ हजार जर्नलं आहेत, तुमच्या ग्रंथपालांकडे लॉगिन मागा. लेख वापरण्याआधी त्याचं पबमेडचं पान एकदा उघडा. तो मागे घेतला गेला असेल तर तिथे ठळक लिहिलेलं असतं. लॅन्सेटमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. मधल्या काळात उतरवून ठेवलेल्या फाइलवर हे लिहिलेलं नसतं.

खरंच काही सापडलं नाही तर

उत्तरात 'नोंद नाही' असं लिहू नका. कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, इतिहासाच्या पानावरची शोधाची ओळ जशीच्या तशी, आणि कोणते फिल्टर होते किंवा नव्हते, हे चारही लिहा. म्हणजे दुसरा माणूस तीच ओळ टाकून तुमची चूक पकडू शकतो.

आणि संशय पक्का असेल तर नोंद तुम्ही करा. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. फॉर्म डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट कुणीही भरू शकतं.

त्या दुपारी वॉर्डात रिफॅम्पिसिन थांबवलं होतंच. मी जुने पेपर आणि अलीकडचे रिपोर्ट एका पानावर काढून पाठवले, 'हे औषध पुन्हा देऊ नये' ही त्यातली ओळ अधोरेखित करून. प्लेटलेट पाच दिवसांत लाखाच्या वर आल्या. डॉक्टरांनी फॉर्म भरला आणि पेशंटच्या कार्डावर लाल शाईत रिफॅम्पिसिन लिहिलं. त्याच्या शेजारी मी रिफॅम्पिनही लिहायला लावलं.